घराचं सगळं काम एकाच कॉन्ट्रॅक्टरला टर्नकी द्यायचं आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडे, तालुक्याच्या ठिकाणी किंवा शहराच्या कडेला स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणारे लोक आम्हा साइट इंजिनिअरांना जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. डोळ्यासमोर महाराष्ट्रातली एक-दोन मजली घरं आहेत. बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांना यातलं फारसं काही लागू होणार नाही.

टर्नकी म्हणजे नक्की काय? ‘विथ मटेरियल’ आणि टर्नकी एकच ना?

एकच नाही, पण आपल्याकडे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. मजुरीवर काम दिलं तर सिमेंट, सळई, वाळू, विटा सगळं मालकाने आणायचं, कॉन्ट्रॅक्टर फक्त माणसं पुरवतो. विथ मटेरियलमध्ये माल आणि मजुरी त्याची, पण नकाशा, परवानगी, आरसीसी डिझाइन, कधीकधी लाइट फिटिंग आणि रंगसुद्धा मालकाकडे. टर्नकीमध्ये नकाशापासून किल्ली हातात पडेपर्यंत सगळं त्याच्या अंगावर. म्हणून ‘टर्नकी करतो’ असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न ‘यात काय काय नाही?’ हा विचारायचा. काय आहे ते तो आपणहून सांगतोच.

एकालाच सगळं देण्यात खरा फायदा कोणता?

जबाबदारी एकाची राहते. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून खालच्या हॉलच्या छताला ओल आली असं धरा. कामं वेगवेगळ्या लोकांना दिलेली असतील तर प्लंबर म्हणतो फरशीवाल्याने पाइपला धक्का लावला, फरशीवाला म्हणतो वॉटरप्रूफिंगच नीट नाही, वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो मी पाणी तुंबवून दाखवलं होतं, नंतर छिन्नी कोणी मारली ते बघा. तिघंही थोडेथोडे खरं बोलत असतात आणि फोडून परत करण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. टर्नकीत हा वाद त्या तिघांचा आणि कॉन्ट्रॅक्टरचा आपापसातला.

पण यातला तोटाही तिथेच आहे. माल आणणारा, वापरणारा, मोजणारा आणि ‘चांगला आहे’ म्हणणारा माणूस एकच. मजुरीच्या कामात सळईचं वजन मालक स्वतः वजनकाट्यावर बघतो, इथे ते बघायला कोणी नसतं. काम सोपवा, तपासणी सोपवू नका. खालची बहुतेक उत्तरं याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

टर्नकीच्या वाटेला कोणी जाऊ नये?

फिडिक या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९९ मध्ये टर्नकी कामांसाठी नमुना करार काढला. त्याच्या प्रस्तावनेतच तो कुठे वापरू नये हे लिहून ठेवलं आहे: दर भरणाऱ्याला जागा आणि कागद तपासायला पुरेसा वेळ नसेल तर, जमिनीखालचं काम मोठं असेल तर, आणि मालकाला प्रत्येक गोष्टीत स्वतः लक्ष घालायचं असेल तर. तो करार वीज प्रकल्प आणि कारखान्यांसाठी होता, पण तिन्ही अटी आपल्या बंगल्यालाही तंतोतंत बसतात. रोज संध्याकाळी साइटवर जाऊन ‘ही खिडकी जरा इकडे घेऊ’ म्हणायची सवय असेल तर मजुरीवर काम द्या, दोघंही सुखी राहाल. जुन्या वाड्याची दुरुस्तीही टर्नकी देऊ नये. भिंत उकरल्याशिवाय आत काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं, मग कॉन्ट्रॅक्टर भीतीपोटी दर चढवतो किंवा अर्ध्यात हात वर करतो.

दोन जणांचे दर आले आहेत: एकाचा २,००० रुपये स्क्वेअर फूट, दुसऱ्याचा २,१५०. पहिला स्वस्त ना?

क्षेत्रफळ कसं धरलंय ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. उदाहरण घेऊ (दर केवळ हिशेबासाठी). तळमजला १,००० आणि वरचा मजला ८०० स्क्वेअर फूट, म्हणजे बांधकाम १,८००. शिवाय पोर्च, बाल्कनी आणि जिन्यावरची खोली मिळून ३५०. पहिला कॉन्ट्रॅक्टर जिथे स्लॅब तिथे पूर्ण माप धरतो: २,१५० गुणिले २,००० म्हणजे ४३ लाख. दुसरा ते ३५० फूट निम्मे धरतो: १,९७५ गुणिले २,१५० म्हणजे ४२ लाख ४६ हजार. दीडशे रुपयांनी महाग वाटणारा माणूस प्रत्यक्षात अर्धा लाखाने स्वस्त निघाला.

म्हणून करारात दर लिहिण्याआधी माप लिहा. भिंतीच्या बाहेरून बाहेर मोजायचं का, डक्ट वजा होणार का, सज्जा धरायचा का, गच्चीच्या पॅरापेटचे वेगळे पैसे आहेत का. सगळ्यात बरं म्हणजे मंजूर नकाशावरून एकदाच क्षेत्रफळ काढून आकडा दोघांनी सहीने कायम करायचा आणि कामाची एकूण किंमत ठोक ठरवायची. शेवटी टेप घेऊन मापं काढायला बसलं की नात्यागोत्यातले लोकसुद्धा परके होतात.

दरात साधारण काय धरलेलं नसतं?

कंपाउंड वॉल आणि गेट, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, बोअर, महावितरणचं कायमचं मीटर, परवानगीची शासकीय फी, परवानगीबरोबर भरावा लागणारा एक टक्का कामगार उपकर, बांधकामाला लागणारं पाणी आणि वीज. यातलं प्रत्येक ‘ते तर तुमच्याकडेच असतं साहेब’ या वाक्याने मालकाकडे येतं. टँकरने पाणी आणावं लागणाऱ्या भागात एकट्या पाण्याचा खर्च डोळे पांढरे करतो.

पण सगळ्यात मोठा खड्डा पायातच असतो. करारात ‘पाया ५ फुटांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि तुमच्या प्लॉटला आठ फुटांवरही काळी माती संपत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) ठेवलं की भिंतींना तडे ठरलेलेच. सोलापूर, नगर किंवा मराठवाड्यातल्या माणसाला हे नवीन नाही. घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं आणि प्रत्येक जादा फुटाचं बिल मालकाला येतं. यावर उपाय सोपा आहे: करार करण्याआधी जेसीबी लावून प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत चाचणी खड्डे घ्या, आरसीसी डिझायनरला दाखवा आणि जी खोली निघेल ती धरूनच दर मागा. कोकणात जांभा लवकर लागला तर उलट खोदाईचे पैसे वाचतात, तेही मागून घ्यायला लाजू नका.

स्पेसिफिकेशनच्या कागदावर काय हवं?

‘ब्रँडेड’, ‘स्टँडर्ड’, ‘उत्तम प्रतीचे’ हे शब्द दिसले की त्यावर काट मारा. त्या शब्दांत काहीही बसतं. ‘हॉलमध्ये चांगल्या टाइल्स’ याऐवजी ‘हॉल, २ बाय ४ फूट जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड) टाइल, मूळ दर ५५ रुपये स्क्वेअर फूट, जास्तीच्या दरातला फक्त फरक मालकाने द्यायचा’ असं लिहिलेलं असावं. तुम्ही ५५ ऐवजी ८० ची टाइल निवडली तर २५ रुपयेच वर द्यायचे, मजुरी आणि मसाला परत मोजायचा नाही.

सळईची प्रत एफई ५००डी की ५५०डी आणि कोणत्या दोन-तीन कंपन्यांची चालेल, सिमेंट कोणतं, भिंती विटांच्या की एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या आणि किती इंची, प्लास्टरला क्रश सँड की धुतलेली वाळू. खिडक्या किती ट्रॅकच्या, जाळी आहे का. प्रत्येक खोलीत लाइटचे पॉइंट किती, हे आकड्यात लिहा. ‘गरजेनुसार’ असं लिहिलं की गरज नेहमी कॉन्ट्रॅक्टरची निघते. लाइटला दीड, प्लगला अडीच आणि गिझर-एसीला चार स्क्वेअर एमएमची वायर, हे एका ओळीत मावतं. रंगात पुट्टीचे हात किती, प्रायमर आहे की नाही. हा कागद चार-पाच पानांचा झाला तर जास्त झाला असं समजू नका. कराराचं खरं वजन यातच असतं, बाकीची पानं वकिलाची.

पैसे कसे द्यायचे? कॉन्ट्रॅक्टर ३० टक्के ॲडव्हान्स मागतोय.

एवढा देऊ नका. करारावेळी पाच ते दहा टक्के ठीक. पुढचे पैसे तारखेला नाही, टप्प्याला द्यायचे: जोतं पूर्ण झाल्यावर, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब, विटकाम, आतबाहेरचा गिलावा, फरशी, रंग. झालेलं काम नेहमी दिलेल्या पैशांच्या थोडं पुढे असलं पाहिजे. दोन्ही स्लॅब पडले आणि ८० टक्के पैसे देऊन झाले, ही सगळ्यात धोक्याची अवस्था. सांगाडा उभा दिसतो म्हणून मालक निर्धास्त असतो, पण फरशी, दारं-खिडक्या, लाइट, प्लंबिंग, रंग हा खर्चिक भाग अजून पुढेच असतो. तिथे माणसं कमी व्हायला लागतात आणि फोन उचलणं बंद होतं.

शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि खिडक्यांच्या कडा पहिल्या जोरदार सरीतच बोलतात. मात्र टप्पा पूर्ण झाला की पैसे त्याच आठवड्यात द्या. हप्ते रखडवणारा मालकही कॉन्ट्रॅक्टरच्या लक्षात राहतो आणि माणसं दुसऱ्या साइटवर जातात. गृहकर्ज असेल तर बँकेचे टप्पे आधी बघून घ्या. बँकेचा माणूस पाहणी करून गेल्यावरच हप्ता सुटतो. करारातले टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवले नाहीत तर मधल्या दिवसांचं ओझं तुमच्यावर.

जीएसटी द्यावा लागतो का?

माल आणि मजुरी मिळून काम दिलं तर १८ टक्के. स्वतःच्या एकट्या घरासाठी फक्त मजुरीचं कंत्राट असेल तर माफ. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो फायदा तुमच्या दरात धरलाय का हे विचारायला हरकत नाही. नोंदणी नसलेला कॉन्ट्रॅक्टर जीएसटी लावू शकत नाही, त्यामुळे बिलावर नंबर बघा. दरात कर धरलाय की वेगळा, हे आधीच लिहून घ्या, नाहीतर ४० लाखांच्या कामात सात लाख वीस हजारांचा प्रश्न शेवटी उभा राहतो. एका आर्थिक वर्षात कॉन्ट्रॅक्टरला ५० लाखांच्या वर देणार असाल तर दोन टक्के टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची. सीएला विचारून घ्या.

स्लॅबच्या दिवशी मी जाऊन काय करणार? मला त्यातलं काही कळत नाही.

कळायला फार लागत नाही, पण दिवस चुकवू नका आणि आदल्या संध्याकाळीही जा. सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतायच्या साच्याच्या) प्लेटांवर जाळी बांधून तयार असते तेव्हा गुडघ्यावर बसून सळईखालून बघा. सळई प्लेटला टेकलेली नको, खाली कव्हर ब्लॉक हवेत. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, स्लॅबला किमान २० मिलिमीटर, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. कव्हर कमी राहिलं की काही वर्षांत सळई गंजते, फुगते आणि छताचे पापुद्रे पडतात. वरची सळई पायाखाली दबू नये म्हणून सळई वाकवून केलेल्या खुर्च्या लावल्या आहेत का, लाइटचे पाइप आणि पंख्याचे बॉक्स बसले आहेत का, डिझायनर किंवा त्याचा माणूस जाळी तपासून सही करून गेला का. ही सही नसेल तर दुसऱ्या दिवशी मिक्सर सुरू होऊ देऊ नका, मुहूर्त असला तरी.

दिवसभरात फक्त पाण्यावर लक्ष ठेवा. एम-२० प्रतीच्या काँक्रीटच्या नेहमीच्या मिश्रणाला एका सिमेंटच्या गोणीमागे ३० लिटरच्या वर पाणी नको आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. दुपारी माणसं दमली की मुकादम हळूच ‘पाणी वाढव’ म्हणतो. माल पातळ झाला की घमेलं हलकं पडतं आणि माल आपोआप पसरतो. त्याचबरोबर त्याची ताकदही जाते. व्हायब्रेटर दोन हवेत, एक बंद पडतोच. काँक्रीटची ताकद तपासायला १५ सेंटिमीटरचे क्यूब (चौकोनी ठोकळे) तुमच्यासमोर भरून त्यावर तारीख कोरायला लावा आणि २८ दिवसांनी फोडून आलेला अहवाल हातात घ्या. क्यूब भरताना मिक्सरमधला नेहमीचाच माल घ्यायचा, खास कालवलेला नाही.

नंतर स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी तुंबवायचं. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला आणि कडक उन्हात किमान दहा. आम्ही चौदा सांगतो, म्हणजे दहा तरी होतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवसांआधी काढायचे नाहीत. प्लेटांचं भाडं चढत असतं म्हणून घाई होते.

आणि हो, स्लॅबच्या जेवणाचं विचारतात. ते मालकाकडे. करारात नसलं तरी.

पावसाळ्यात काम चालू ठेवावं का?

पाया आणि जोतं मे संपायच्या आत झालं तर चालू ठेवा, क्युरिंग (काँक्रीटला पाणी देणं) फुकट होतं. उघड्या खड्ड्यात पाऊस शिरला तर थांबा. काम किती दिवसांचं हे ठरवताना होळी, दिवाळी, छठ यांना मजूर गावी जातात तेही धरा.

आम्ही मुंबईत किंवा परदेशात, घर गावाला. कसं सांभाळायचं?

भाऊबंदांवर सोडू नका, त्यांना वाईटपणा घेता येत नाही. कॉन्ट्रॅक्टरशी संबंध नसलेला स्थानिक इंजिनिअर भेटीच्या हिशेबाने ठेवा: पायाची खोदाई, फुटिंगची जाळी, प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी, वॉटरप्रूफिंगची चाचणी आणि ताबा. प्रत्येक हप्ता त्याच्या अहवालानंतरच सोडायचा, आणि ही अट करारातच लिहायची. व्हॉट्सॲपवरचे फोटो उपयोगी आहेत, पण फोटोत सळईची जाडी कळत नाही. तिथे टेप लावून काढलेला फोटो मागा.

मध्येच बदल केला तर?

होणारच आहेत. बदल, त्याचा दर आणि त्यामुळे वाढणारे दिवस, तिन्ही गोष्टी काम करण्याआधी लिहून दोघांची संमती घ्या. व्हॉट्सॲपवरचा ‘ओके’ सुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरा. ‘होऊन जाईल, नंतर बघू’ हे वाक्य दोन्ही बाजूंना महागात पडतं.

करार कशावर करायचा?

शंभरच्या स्टॅम्पचे दिवस ऑक्टोबर २०२४ पासून संपले, आता किमान ५०० चा लागतो. कामाच्या रकमेप्रमाणे किती मुद्रांक बसतो ते वकिलाकडून काढून घ्या. करारासोबत मंजूर नकाशा, आरसीसी ड्रॉइंग, स्पेसिफिकेशन आणि हप्त्यांचा तक्ता, प्रत्येक पानावर दोघांची सही. उशीर झाला तर दर आठवड्याला किती कापायचे तेही त्यातच लिहा. पावसाचे आणि मालकाने पैसे उशिरा दिल्याचे दिवस त्यातून वगळा, तरच तो सही करेल आणि ते योग्यच आहे.

महारेराची पाच वर्षांची हमी मला मिळते ना?

नाही, हा फार पसरलेला गैरसमज आहे. रेरा कायद्यातली बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी प्रकल्प विकणाऱ्या प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर आहे. तुमच्याच प्लॉटवर तुमच्यासाठी बांधणारा कॉन्ट्रॅक्टर त्यात येत नाही. म्हणून हमी करारात लिहावी लागते: सांगाड्याची पाच वर्षं, वॉटरप्रूफिंगची निदान तीन, बाकी कामांची एक, आणि कळवल्यापासून किती दिवसांत येऊन दुरुस्त करायचं तेही.

ताबा घेताना काय घ्यायचं?

किल्ल्या शेवटी. आधी गच्चीवर आणि बाथरूममध्ये ४८ तास पाणी तुंबवून खालून बघा. सगळे नळ एकदम सोडा, प्रत्येक प्लगला टेस्टर लावा, फरशी नाण्याने वाजवत जा. पोकळ आवाज आला की तिथे खडूने फुली. गिलाव्याआधी भिंतीतल्या पाइप आणि वायरिंगचे काढलेले फोटो मागून घ्या, पुढे खिळा मारताना तेच कामाला येतात. जोते तपासणीचा दाखला, क्यूबचे अहवाल, पंप आणि फिटिंगची वॉरंटी कार्डं. टर्नकी म्हटलं असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळवून देणंही त्याचंच काम, ते हातात येईपर्यंत शेवटून दुसरा हप्ता थांबवता येईल असा तक्ता आधीच केलेला असावा.

कॉन्ट्रॅक्टर काम अर्धवट टाकून गेला. आता?

लगेच दुसरा माणूस लावू नका. दुसऱ्याने एक वीट जरी ठेवली तरी पहिल्याने किती केलं होतं हे सिद्ध करणं अवघड होतं. आधी स्पीड पोस्टाने नोटीस द्या, मोजणीची तारीख कळवा. तो आला नाही तरी परवानाधारक इंजिनिअरकडून साक्षीदारांसमोर मापं घ्या, साइटवर पडलेल्या मालासह सगळ्याचे तारखेचे फोटो काढा, आणि झालेल्या कामाची किंमत लेखी घ्या. मग नवीन कॉन्ट्रॅक्टर. तो पहिल्याच्या कामाची हमी घेणार नाही, दरही चढा सांगेल. हा फरकच तुमच्या नुकसानीचा आकडा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही ‘सेवा’ म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात होते आणि ती वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तिथे पहिला कागद मागतात तो करार आणि दुसरा पैसे दिल्याचा पुरावा, त्यामुळे रोखीने दिलेल्या प्रत्येक रकमेची सही केलेली पावती त्याच दिवशी घेत चला.